वेलाला कडधान्याचा शेजार

प्रश्न : मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही पिंपांत काकडी, दोडकी आणि मिरची लावतो. जुन्या चिनी शेतीत काही पिके मुद्दाम शेजारी लावत आणि ती एकमेकांना उपयोगी पडत, असे वाचनात आले. यात तथ्य किती? गच्चीवर त्यातले काय करता येईल? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : तथ्य पुष्कळ आहे, मात्र ‘अमक्या झाडाला तमके झाड आवडते’ अशा ज्या याद्या हल्ली फिरतात, त्यांच्याशी जुन्या चिनी ग्रंथांचे फारसे जुळत नाही. दुसरे पीक कधी काढून टाकायचे, याचा विचार तेथे अधिक दिसतो.

6व्या शतकात जिया सीश्ये या चिनी लेखकाने लिहिलेल्या ‘छीमिन याओशू’ या कृषिग्रंथात खरबुजासारख्या वेलाच्या बियांबरोबर त्याच खड्ड्यात सोयाबीनचे दाणे टाकायला सांगितले आहे. वेलाचा कोंब नाजूक असल्याने त्याला एकट्याला माती फोडणे जड जाते. सोयाबीनचा दणकट कोंब ती माती उचलतो. पुढे वेलाला काही पाने फुटली, की सोयाबीन ठेवायचे नाही, नाहीतर तेच वेलावर सावली धरून त्याची वाढ खुंटवते. पण ते उपटायचेही नाही, खुडायचे. कारण उपटल्याने माती पोकळ होऊन सुकते, तर खुडलेल्या देठातून पाझरणारा रस ओल देतो, असे ग्रंथकार म्हणतो. त्या रसाने कितीशी ओल मिळत असेल याची मला शंका आहे, पण मुळांना धक्का न लावण्याचा सल्ला चोख आहे.

त्याआधीचा, इसवी सनपूर्व 1ल्या शतकातील फान शंगज् यांचा शेतीवरचा ग्रंथ लुप्त झाला असून त्याचे उतारे प्रामुख्याने ‘छीमिन याओशू’मुळे टिकले. त्यात पाण्याचा रांजण जमिनीत तोंडापर्यंत पुरून चारही बाजूंना वेलाची एकेक बी आणि त्याबाहेर कांद्याच्या कुळातील दहा रोपे लावायची रीत आहे. फळे पिकण्याच्या सुमारास ती रोपे उपटून विकता येतात, त्यामुळे दोघांची एकमेकांना अडचण होत नाही. कांद्याच्या वासाने कीड पळते, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. हिशेब जागेचा आणि बाजाराचा आहे.

जमीन सुधारण्यासाठी जिया सीश्ये मुगाला पहिला मान देतात. आपल्याकडे मुगाचा बेवड (आधीच्या पिकाचा जमिनीवर राहणारा परिणाम) चांगला म्हणतात, तो याच अनुभवातून. मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र बांधतात. मात्र त्यातला मोठा वाटा मूग कुजल्यावरच पुढच्या पिकाला मिळतो. उभ्या पिकाने शेजाऱ्याला थेट मदत केल्याचे उदाहरणही आहे : चीनमध्ये मका आणि बाकला (एक कडधान्य) एकत्र घेतल्यावर बाकल्याच्या मुळांतील स्रावामुळे मातीत अडकलेले स्फुरद मोकळे होऊन मक्यालाही मिळते, हे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले.

तुमच्या पिंपांतील माती भुसभुशीत असेल, तर सोयाबीनची गरज नाही. मिरची लावण्यापूर्वी मूग दाट पेरावा, फुलोऱ्यावर येताच कापून मातीत मिसळावा आणि दोन-तीन आठवडे कुजू द्यावा. एप्रिल-मेमध्ये मोठ्या पिंपात भाजलेले पण चकाकी न दिलेले, म्हणजे पाणी झिरपू देणारे, लहान मडके पाणी भरून पुरून त्याभोवती काकडी लावता येईल. मडक्यावर झाकण हवेच. जुन्या ग्रंथातही तोंडावर कौल ठेवायला सांगितले आहे, आणि मुंबईत तर डासांमुळे त्यात हयगय चालणार नाही.