अंथरुणावर पडलं की काळज्या सुरू

प्रश्न : दिवसभर कामात बरी असते. अंथरुणाला पाठ टेकली की कुणाला काय बोलले, उद्या काय होईल, हेच डोक्यात घोळतं. ‘विचार करू नकोस’ असं बजावलं तर ते अजून वाढतं. काय करू?

उत्तर : आधी बजावणं थांबवा. विचार दाबायचा तर तो आला का, हे मनाला सारखं तपासावं लागतं. म्हणूनच तो फिरून येतो. त्यापेक्षा काळजीला वेळ नेमून द्या : झोपण्याच्या निदान २ तास आधी, रोज १५-२० मिनिटं, ठरलेल्या खुर्चीत. अंथरुणात मुळीच नाही. वहीत प्रत्येक काळजी एका वाक्यात लिहा. ‘ऑफिसचं टेन्शन’ हे फार मोघम झालं. ‘शुक्रवारी अहवाल झाला नाही तर साहेब चिडतील’ असं नेमकं हवं. मग स्वतःला विचारा : यात माझ्या हातात काही आहे का? असेल तर पुढची एकच कृती आणि तिची वेळ लिहा. नसेल तर तसं लिहून पुढच्या ओळीवर जा. गजर वाजला की वही बंद.

रात्री विचार आलाच तर उशाशी कागदावर दोन शब्द टिपा, बाकी उद्याच्या वेळेला. अंदाजे २० मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी रटाळ वाचा (मोबाइलवर नव्हे!) आणि डोळे जड झाल्यावरच परत या.

सुरुवातीला हे कृत्रिम वाटतं, आणि दोन दिवस चुकले की बरेच जण तिथेच सोडतात. चुकलं तर तिसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

मात्र उदासी किंवा कशातच रस न वाटणं २ आठवडे टिकलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणंच नकोसं वाटलं तर एक दिवसही थांबू नका.