शांघायचे शंगज्येन (तव्यावर केलेले, आत सूप असलेले पोर्कचे बन) घरी केले तर तळ करपतो आणि आतलं सूप गायब होतं. काय चुकतं?

तुम्ही लिहिलंय की पोर्कचे बन आधी मोमोसारखे वाफवून घेतले आणि मग तव्यावर तेलात कुरकुरीत करायला ठेवले. तेवढं वाचलं आणि जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलो. याच एका मुद्द्यावरून माझं आणि माझ्या साडूचं 2017 च्या नाताळापासून वाजलेलं आहे.

नावच बघा ना. शंग म्हणजे कच्चं, ज्येन म्हणजे थोड्या तेलात तव्यावर तळणं. कच्चेच तव्यात जातात. नावातच कृती सांगून ठेवलीय, तरी लोक वाफवतात.

मी 2014-15 ला कंपनीच्या कामाने दीड वर्ष शांघायला होतो. घराखालच्या गल्लीत एक म्हातारा-म्हातारी दुकान चालवायचे. दुकान कसलं, एक खिडकी आणि शेगडीवर स्कूटरच्या चाकापेक्षा मोठी, सपाट बुडाची काळी कढई. म्हातारी पारी लाटून सारण भरून चुण्या घालायची. आपल्याकडे मोदकाला कळ्या पाडतात तसंच, फक्त हात चौपट वेगाने. म्हातारा ते गोळे कढईत एकमेकांना चिकटून रचायचा, तेल सोडायचा, जरा वेळाने डब्याने पाणी ओतायचा आणि लाकडी झाकण टाकायचा. मग दोन पकडींनी कढईची कड धरून ती गोल गोल फिरवत राहायचा, आच सगळीकडे सारखी लागावी म्हणून. आत डोकावून कधीच बघायचा नाही. कान द्यायचा. आधी रटरट रटरट. मग पाणी आटत आलं की आवाज बारीक होतो आणि चरचर सुरू होते. ती नीट लागली की झाकण काढून वर तीळ आणि पातीचा कांदा.

पहिल्या दिवशी मी बोट दाखवून एक मागितला, तर चार मिळाले. तिथे हे लियांगवर विकतात. एक लियांग म्हणजे 50 ग्रॅम, पण वजन बनचं नाही, पिठाचं. रेशनच्या कुपनांच्या काळातला हिशोब, अजून चालू आहे. सोबत तिथले लोक काय पितात माहीत आहे? करी पावडर घातलेलं बीफचं पिवळं सूप, आत काचेसारख्या पारदर्शक शेवया. वसईच्या माणसाला सकाळी सात वाजता चीनमध्ये हळदीचा वास येतो, म्हणजे काय होत असेल विचार करा.

तर 2017 चा नाताळ, सासुरवाडी. मी आदल्या दिवशी किलोभर डुकराची कातडी आणली, केस जाळून खरवडले, उकळून आतली चरबी सुरीने काढली, बारीक चिरून पुन्हा मंद आचेवर तीन तास. रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी पातेलं हलवलं तर घट्ट, थरथरणारं. सासूबाईंना काही सांगावं लागलं नाही. पोर्क केल्यावर दुसऱ्या दिवशी पातेल्याच्या कडांना जे धरतं तेच हे, एवढं त्यांनी नुसतं बघून ओळखलं. साडू मात्र म्हणाला, सूप सिरिंजने भरतात, त्याने व्हिडिओ पाहिलाय. साडू हॉटेल लाइनमध्ये आहे, त्यामुळे त्याला सगळं माहीत असतं. अहो, ती जेली चिरून खिम्यात मिसळायची. गरम झाली की वितळते, तेच सूप.

चोवीस बन बिडाच्या तव्यावर लावले, पाणी घातलं, झाकण ठेवलं. आणि हा आला. "कच्चं पीठ तेलात टाकलंस? करपणार बघ. आधी वाफवायचं असतं." झाकण उघडलं. मी बंद केलं. मी व्हिनेगर आणायला वळलो तेवढ्यात पुन्हा उघडलं, आणि वर उलथनं घालून मधला एक बन उचलायला गेला. तळ तव्याला चिकटलेलाच होता, तो फाटला. सगळं सूप तव्यावर, ते जळलं, त्याने आजूबाजूचे सहा-सात धरले, ते सोडवताना तेही फाटले. आणि जेवताना हाच माणूस सगळ्यांना सांगत होता, शांघायला जाऊन आला आणि पिठाचे गोळे करून घातले! आजही लग्नाकार्यात भेटला की "काय, गोळे कधी?"

म्हणून एकदाच लिहून ठेवतो. पाणी असेपर्यंत तवा शंभर अंशाच्या फारसा वर जातच नाही, तळाला रंग येणार कसा? तोवर बन चिकटलेलेच असतात. पाणी संपलं की उरलेल्या तेलात तळ तळला जातो, कडक होतो आणि स्वतःहून सुटतो. त्याआधी उलथनं घालणारा माणूस स्वयंपाकघरात नको. तुमचं झालं ते उलटं. वाफेवर जेली वितळली, थांबलात तेवढ्यात पारीने सूप पिऊन टाकलं, मग शिजलेल्या पिठाला तेलात दुसऱ्यांदा तापवलंत. करपणारच.

पीठही तुम्ही दोन तास फुगवलंत. पाव करायचाय का? यीस्ट घालून मळलं की आपल्या हवेत वीस मिनिटं पुरतात. जास्त फुगलेली पारी स्पंजसारखी रस ओढते. शांघायमध्येही फुगीर पारीचे, कमी सुपाचे मिळतात. दा हू छुन हे 1932 पासूनचं दुकान त्यासाठीच प्रसिद्ध आहे, आणि जुन्या लोकांना तेच खरे वाटतात. पण तुम्हाला सूप हवंय, म्हणजे तिथल्या श्याओ यांग या दुकानांसारखी पातळ पारी. चुण्यांचं तोंड खाली करून लावा, तळ जाड आणि जास्त कुरकुरीत होतो. पाणी बनच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत. झाकण स्टीलचं असेल तर त्याला फडकं बांधा, नाहीतर वरून थेंब पडून पारी चिकट होते.

हां, एक राहिलं. पाणी घालून झाकण ठेवल्यावर साधारण आठ मिनिटं लागतात, पण हा हिशोब लिंबाएवढ्या बनचा आहे. पोर्क आतपर्यंत शिजायलाच हवं, मोठे केलेत तर पाणी आणि वेळ दोन्ही वाढवा. आणि लगेच चावू नका. कडेला छोटं भोक पाडून सूप आधी प्या. माझ्या मेव्हणीने घाईत अख्खा तोंडात घातला होता, जीभ दोन दिवस भाजलेली. त्या चोवीसांतले जे धड निघाले, त्यातलाच होता तो. म्हणजे सूप होतं. साडूच्या बायकोच्या तोंडात होतं. हे त्याला कुणीतरी सांगा.

मैदा साधाच चालतो.