लॅपटॉप नंतर, आधी कॉलेजचं काम बघा

प्रश्न : ताई, मुलगी यंदा बारावी कॉमर्स पास झाली. सीए कर म्हटलं तर म्हणते, मुंबईला जाऊन मल्टिमीडियाच शिकणार. मोबाइलवर व्हिडिओ छान करते, पण हे सगळं यूट्यूबवर फुकट शिकता येतं ना? मग तीन वर्षं होस्टेलचा खर्च कशाला? वर आत्ताच ऐंशी हजारांचा लॅपटॉप हवा म्हणून हटून बसली आहे.
– एक वडील, कुडाळ

उत्तर : दादा, सॉफ्टवेअरपुरतं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. अॅनिमेशनसाठीचं ब्लेंडर फुकट आहे, व्हिडिओ एडिटिंगच्या दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती शिकणाऱ्याला पुरून उरते. त्यासाठी फी भरू नका.

मी एडिटिंगला नवी मुलं घेते तेव्हा आधी एक मुलाखत कापायला देते आणि खाली मराठी पट्टी, म्हणजे सबटायटल, टाकायला सांगते. बरीच तिथेच अडकतात. ‘विद्यार्थी’ लिहिलं की वेलांटी भलतीकडे, जोडाक्षर फुटलेलं. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय चालू केला की बहुतेक वेळा काम होतं. पण मुळात ते डोळ्यांना खुपायला हवं ना! साडीच्या पदरावर घासणारा माइक कानाला खुपायला हवा. कुणीतरी काम चारदा माघारी पाठवल्याशिवाय ही सवय लागत नाही, आणि यूट्यूब काही माघारी पाठवत नाही.

मुंबई विद्यापीठाचा बीएएमएमसी, म्हणजे मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशनचा पदवी अभ्यासक्रम, हा पूर्वीचा बीएमएम. नावात मल्टिमीडिया असला तरी कणा पत्रकारिता आणि जाहिरातीचा. लिहायचा कंटाळा असेल तर तिथे रमणार नाही. चित्रकलेचा हात असेल तर उपयोजित कला (अप्लाइड आर्ट) बघा, त्याची सीईटी असते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात बी.डेस. ही डिझाइनची पदवी आहे, त्यासाठीच्या यूसीड या प्रवेश परीक्षेला कॉमर्सची मुलंही बसतात, पण ती जानेवारीत होते, म्हणजे यंदाची गाडी गेली. खाजगी संस्था असेल तर पदवी कुठल्या विद्यापीठाची, हे लेखी घ्या. तोंडी सगळे गोडच बोलतात.

प्रवेशाआधी तिला घेऊन कॉलेजात जा. गेल्या वर्षीच्या मुलांचं काम दाखवा म्हणा, माहितीपत्रक नको. टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा.

लॅपटॉपला पहिलं सत्र संपेपर्यंत थांबा, काय लागतं ते तेव्हा कळेल. आत्ता मोबाइलला लागणारा साधा कॉलर माइक घेऊन द्या आणि आजीची मुलाखत करायला सांगा. आजी मालवणीत बोलू दे, पट्टी मराठीत टाकायची. आणि मला पाठवा.