बाबूजी संध्याकाळी येतात, असं आई म्हणते

पितृपक्ष तोंडावर आला की या सदराच्या टपालाचा रंग बदलतो. या वेळच्या पत्रांत घरं निरनिराळी असली तरी अडचण एकच आहे: घरच्यांचा परलोकावर, बोलणाऱ्या आत्म्यांवर, दरबार भरवणाऱ्या बुवांवर विश्वास आहे, आपला नाही; तर बोलायचं की गप्प राहायचं? नागपूरला हा प्रश्न नवा नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर घेतलेल्या 22 प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही ही प्रतिज्ञा होती. पिंडदानासाठी रामटेकच्या अंबाळा तलावावर जाणारी कुटुंबंही याच शहरात राहतात. एकाच कार्यालयात शेजारी बसून दोघं डबा खातात आणि बहुतेक वेळा हा विषय निघतसुद्धा नाही. आमच्या मते त्यात काही बिघडत नाही. बिघडतं कुठे, ते पुढे येईलच.

बाबूजींना जाऊन सात महिने झाले. दिवाबत्तीच्या वेळी ते खुर्चीत बसलेले जाणवतात, असं आई सांगते. आता शेजारणीच्या सांगण्यावरून ती रिंग रोडपलीकडच्या एका बाईंकडे जाते. त्या 'गेलेल्यांशी बोलतात'. दर खेपेला 2,100 रुपये, आतापर्यंत पाच खेपा झाल्या. हे खोटं आहे हे मला स्वच्छ दिसतं. आईला कसं सांगू? (प्रतापनगर)

खुर्ची आणि बाई या दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एकाच पिशवीत घातल्या आहेत. आधी त्या सुट्या करा.

खुर्चीबद्दल काहीच बोलू नका. 1971 मध्ये डेवी रीस या डॉक्टरने वेल्समधल्या 293 विधवा-विधुरांशी बोलून एक पाहणी प्रसिद्ध केली. गेलेला जोडीदार जवळ आहे असं वाटणं, तो दिसणं किंवा त्याचा आवाज येणं, यांपैकी काहीतरी जवळपास निम्म्या लोकांनी अनुभवलं होतं. बहुतेकांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं आणि बहुतेकांना त्याचा आधारच वाटला होता. चाळीस वर्षं त्या वेळेला त्या खुर्चीत माणूस बसलेला असला, की मेंदू त्याची हजेरी लगेच काढून टाकत नाही. आई हे तुम्हाला सांगते आहे हीच जमेची बाजू समजा. "काय म्हणाले बाबूजी?" एवढं विचारा आणि ऐका. डॉक्टरांकडे न्यायची वेळ वेगळ्या खुणांनी कळते: झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे सुटलं आहे, आवाज तिला काही करायला सांगतो आहे, किंवा "मलाही त्यांच्याकडेच जायचं आहे" ही भाषा सुरू झाली आहे. तसं असेल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांचा मानसोपचार विभाग गाठा. टेली-मानसचा 14416 हा फुकट क्रमांकही आहे.

बाईंचा विषय मात्र 10,500 रुपयांचा आहे. तिथे लक्ष घाला, पण "आई, तू फसतेस" या वाक्याने सुरुवात करू नका. ते ऐकल्यावर आईला आधी स्वतःचा शहाणपणा वाचवावा लागतो आणि तो वाचवताना ती बाईंनाही वाचवते.

बाईंना बाबूजींची माहिती कशी मिळते ते पाहा. निम्मी माहिती तुम्हीच छापून दिलेली असते. निधनवार्तेत नाव, वय, वसाहत, 'पश्चात पत्नी, दोन मुले, सून', अंत्ययात्रा कोणत्या घाटावर, सगळं आलेलं असतं. वेळ ठरवायला केलेल्या फोनवरून नंबर मिळतो, नंबरावरून फेसबुक. बाहेर थांबलेल्यांशी चहा घेत गप्पा मारणारी एखादी 'भक्त' असते. उरलेलं अंदाजाने होतं. "छातीकडे काहीतरी जड वाटतंय" हे साठीनंतर गेलेल्या कुणालाही लागू पडतं, कारण शेवटी हृदय आणि श्वासच थांबतात. "र किंवा स अक्षर येतंय" म्हटलं की घरात कुणीतरी रमेश, सुनीता निघतोच. "काहीतरी बोलायचं राहून गेलं" हे तर प्रत्येक मरणात खरं असतं. बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये 39 विद्यार्थ्यांना 'तुमचं खास स्वभाववर्णन' म्हणून एकच मजकूर वाटला होता. अचूकतेला त्यांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले.

आता करायचं काय, तर पुढच्या खेपेला आईबरोबर तुम्हीही जा आणि गप्प बसा. आईच्या परवानगीने मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करा. "पुन्हा ऐकायला बरं पडेल" हे कारण खरंही आहे. आठवड्याने ते दोघांनी ऐका आणि वहीत तीन रकाने आखा: बाई काय म्हणाल्या, त्याआधी आपण काय बोललो होतो, आणि बाकी उरलं त्यातलं नेमकं खरं किती. नेमकं म्हणजे 'प्रवासाची आवड होती' नव्हे, तर 'पहिली नोकरी उमरेडच्या खाणीत' यासारखं. दुसऱ्या रकान्यात आईला स्वतःचीच वाक्यं दिसली की तुम्हाला फारसं बोलावं लागत नाही. हे फसतं ते एकाच कारणाने: मुलगा रेकॉर्डिंग मध्येच थांबवून "बघ, बघ" करतो. ते टाळा. बाईंनी रेकॉर्डिंगला नकार दिला तर तेवढं आईने पाहू द्या, त्यावर भाष्य नको.

आणि एवढं करूनही आई म्हणाली, "मला माहीत आहे रे, पण तिथे बरं वाटतं," तर महिन्याला किती खर्चायचे तो आकडा तिच्याशी ठरवा आणि विषय सोडा. नवऱ्याबद्दल तासभर बोलू देणारं तिला दुसरं कुणी भेटत नसेल, तर ती जागा भरायचं काम तुमचं आहे. मात्र बाईंनी "त्यांना मुक्ती नाही, शांत केली नाही तर मुलावर संकट" असं म्हटलं तर प्रकरण बदललं. मग शेवटचं उत्तर वाचा.

आमच्या होस्टेलवर मुली प्लँचेट करतात. कागदावर अक्षरं, मध्ये वाटी, तिघींची बोटं. वाटी खरंच फिरते, मी पाहिलं आहे. (अंबाझरी)

फिरते, आणि मुद्दाम कुणी ढकलतही नसतं. नकळत होणाऱ्या या हालचालींचा खुलासा विल्यम कार्पेंटर यांनी 1852 मध्ये केला. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरेडे यांनी त्या काळच्या 'फिरत्या टेबलां'वर प्रयोग लावला. टेबलावर पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट पदार्थाने जोडून ठेवले आणि त्यांवर बसलेल्यांना हात ठेवायला सांगितले. टेबल हातांना ओढत असेल तर खालचा थर आधी सरकायला हवा. सरकला होता वरचा, म्हणजे हातांनी टेबल ढकललं होतं.

तुम्हाला पुठ्ठे नकोत. तिघींच्या डोळ्यांना ओढणी घट्ट बांधा. चौथीने न सांगता कागद अर्धा फिरवावा आणि वाटी जिथे थांबेल ती अक्षरं लिहून घ्यावीत. आत्म्याला दिसत असेल तर उत्तर सरळ यायला हवं. येतात ती कडबोळी, नाहीतर अक्षरं जिथे आधी होती त्या रिकाम्या जागा. ओढणीखालून नाकाच्या कडेने दिसतं, म्हणून डोळ्यांवर आधी कापूस ठेवा.

एकीला वाटीने "तू वर्षभरात जाशील" असं सांगितलं असेल आणि ती रात्री दिवा लावून जागत असेल, तर प्रयोग नको. त्या रात्री तिच्या खोलीत झोपायला जा. कागदाची गंमत नंतर दाखवता येते.

कुहीजवळच्या आमच्या गावात साप चावला की आधी मांत्रिकाकडे नेतात. काकाजी म्हणतात, त्याच्या हाताने कितीतरी लोक वाचले. त्यांना समजावू कसं?

त्या क्षणी समजावूच नका. तिथे एकच काम असतं, गाडी सुरू करणं. "मंत्र गाडीत म्हणा, महाराज, बसा मागे." हे वाक्य आम्ही गंभीरपणे सुचवतो आहोत. 108 ला फोन करा. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा. चावलेला हात-पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा, चालवू नका. दोरीने आवळणं, चिरा देणं, तोंडाने ओढणं यांतलं काहीही नको. चावल्याची वेळ लिहून ठेवा. सापामागे धावू नका. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप ओळखण्यावर उपचार अडत नाही. लक्षणं दिसली तरच लस देतात, म्हणून दवाखान्यात "नुसतं बघत बसले" असं वाटलं तरी उठून येऊ नका.

काकाजी खोटं बोलत नाहीत, हे मात्र मान्य करा. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधीकधी विष न सोडता चावतो. ही सगळी माणसं कुणाच्याही हाताने वाचली असती. घात होतो मण्यारीत. ती रात्री, झोपेत चावते. दुखत नाही, खूण नीट दिसत नाही. मांत्रिक "उतरलं" म्हणतो आणि काही तासांनी पापण्या मिटू लागतात, श्वास मंदावतो. शांत दिवशी, चावडीवर, हा फरक काकाजींना सांगा. "तुमचे वाचले ते कोणत्या सापाचे होते?" एवढा प्रश्न पुरे. गाडगेबाबा कीर्तनात उत्तर स्वतः देत नसत, लोकांकडूनच काढून घेत. आपल्या वऱ्हाडची ही रीत अजून जुनी झालेली नाही.

साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं हा जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेला गुन्हा आहे. मांत्रिकाला हे आधी एकदा गोडीत सांगून ठेवा. पुष्कळ जण मग स्वतःच दवाखान्यात पाठवू लागतात, आणि तेवढंच हवं आहे.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी प्रत्येक चमत्काराचा खुलासा टाकतो. दोन मामा ग्रुप सोडून गेले. पुरावे दिले की लोक उलट जास्त हट्टी होतात म्हणतात, ते खरं का?

तसं फारसं नाही. 2010 च्या एका गाजलेल्या अभ्यासात तो परिणाम दिसला होता. पण नंतर टॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी 52 विषयांवर दहा हजारांहून अधिक लोक तपासले, तेव्हा तो जवळजवळ सापडलाच नाही. पुरावा मामांना पोचतो. सगळ्या भाचरांसमोर तोंडावर पडणं पचत नाही. तोच खुलासा एकट्या मामांना पाठवा, तोही दहांतल्या एकाच व्हिडिओचा. लिंबातून 'रक्त' निघत असेल तर सुरीला मिथिल ऑरेंज लावलेलं असू शकतं, आम्लात ते लाल होतं. हे घरी करून दाखवलं तर मामाच पुढच्या लग्नात करून दाखवतील. कुंडली मानणाऱ्यांसाठी जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांची पुण्यातली चाचणी आहे: 27 ज्योतिषांना हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून प्रत्येकी 40 पत्रिका दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. बरोबर उत्तरं 46 टक्के. नाणं उडवलं असतं तर 50 आली असती.

आठ वर्षांची मुलगी विचारते, आजी कुठे गेली. घरात पानावर कावळा बसायची वाट पाहतात. मी काय सांगू?

"आजीचं शरीर थांबलं, ती परत येणार नाही." हे आधी सांगा. या वयात ते कळतं. "झोपली" म्हणू नका, मूल झोपायला घाबरतं. कावळ्याबद्दल "घरातले असं मानतात, मला तसं वाटत नाही, पण आजीच्या आवडीचं पान वाढायला मला आवडतं" एवढं प्रामाणिक उत्तर चालतं. ते खरंच आवडत असेल तरच म्हणा.

आमच्या भागात एका महाराजांचा दरबार भरणार आहे. न सांगता मनातलं ओळखतात म्हणे. भर सभेत उठून आव्हान द्यायचा विचार आहे. (हुडकेश्वर)

भर सभेत नको. तिथे माइक त्यांचा, माणसं त्यांची आणि नियमही त्यांचे. शिवाय धार्मिक सभेत व्यत्यय आणणं हा तुमच्यावरच गुन्हा होऊ शकतो. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती 1982 पासून याच शहरातून काम करते, तिच्या लोकांना आधी भेटा. जानेवारी 2023 मध्ये रेशीमबागेतल्या दरबाराच्या वेळी समितीने 30 लाखांचं आव्हान दिलं होतं. ते वेळ, जागा आणि अटींसह होतं, सभेतली आरडाओरड नव्हती.

चाचणी ठरलीच तर अशी आखा. पाच वेगळी चिन्हं, पाच चिठ्ठ्या. एका खोलीत एक माणूस चिठ्ठी काढतो, लिहून ठेवतो, परत डब्यात टाकतो, डबा हलवतो. महाराज दुसऱ्या खोलीत. त्यांच्याबरोबर बसलेल्यांपैकी कुणालाही उत्तर माहीत नसावं, नाहीतर चेहरा फितूर होतो. असं 20 वेळा. नुसत्या नशिबाने सरासरी 4 बरोबर येतात. 10 किंवा जास्त येण्याची शक्यता साधारण 400 त एक. म्हणून मर्यादा 10 ठेवा आणि ती आधी कागदावर दोघांच्या सह्यांनी लिहा. 'नकारात्मक ऊर्जेमुळे आज जमलं नाही' हे कारण चालणार नाही, हेही त्याच कागदावर. मोबाइल आणि कानातली यंत्रं बाहेर. 1986 मध्ये अमेरिकेतल्या पीटर पोपॉफ या धर्मोपदेशकाला देव भक्तांची नावं सांगत असे, तो देव 39.17 मेगाहर्ट्झवर बायकोच्या आवाजात बोलत होता. भक्तांनीच भरून दिलेली कार्डं ती वाचून दाखवत होती. हुडकेश्वरला दरबाराआधी नावनोंदणीचा फॉर्म भरून घेत असतील तर त्याचा फोटो काढून ठेवा.

बहुतेक महाराज चाचणीला येत नाहीत. मग उरतो तो जादूटोणाविरोधी कायदा, आणि तो नीट वाचूनच वापरा. डिसेंबर 2013 च्या नागपूर अधिवेशनात मंजूर झालेला हा कायदा श्रद्धेवर बंदी घालत नाही. पूजा, यात्रा, कीर्तन, ज्योतिष आणि वास्तूचा सल्ला तो स्पष्टपणे वगळतो. त्यामुळे "हे परलोक मानतात" ही तक्रार होत नाही. चमत्काराच्या नावाने फसवून पैसे घेणं, अंगात शक्ती आल्याचं भासवून 'ऐकलं नाहीस तर वाईट होईल' अशी भीती घालणं, भूत उतरवायला मारणं, बांधणं किंवा मिरचीची धुरी देणं, उपचार थांबवायला लावणं, 'तिने करणी केली' म्हणून कुणाकडे बोट दाखवणं, यांवर तक्रार होते. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं आणि दंड 5 ते 50 हजार. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

तक्रारीत मतं लिहू नका. 'भोंदू', 'ढोंगी' हे शब्द काढून टाका. तारीख, वेळ, जागा, कोण काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, किती रुपये कोणत्या यूपीआयवर गेले त्याचा स्क्रीनशॉट, सोबत असलेल्या दोघांची नावं, एवढं लिहा. कायद्याप्रमाणे दक्षता अधिकारी नेमलेला असतो, पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा. ठाण्यात त्याचंच नाव विचारा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.