एसीतून वारं येतंय, गारवा नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गाडी २०१४ची, छोटी पेट्रोल. गेली दोन वर्षं मार्चमध्ये एसीचा गॅस भरतोय, जूनपर्यंत संपतोय. यंदा मेकॅनिक म्हणाले, कॉम्प्रेसरच गेलाय. बदलू का, सांगा की.
– एक वाचक, अथणी

उत्तर : इतक्यात बदलू नका. कॉम्प्रेसर म्हणजे इंजिनाच्या जोरावर गॅस दाबून फिरवणारा पंप. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, तोच तोच फिरत राहतो. तीन महिन्यांत संपतो म्हणजे कुठून तरी जातोय. ती जागा न शोधता भरलेला गॅस म्हणजे हवेत सोडलेले पैसे.

गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. त्यामुळे पहिली तपासणी डोळ्यांनीच होते. कंडेन्सरची, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीची, खालची कड (खडे तिथेच लागतात), पाइपांचे जोड, कॉम्प्रेसरच्या क्लचमागची (कॉम्प्रेसर इंजिनाला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या चकतीमागची) बाजू आणि गॅस भरायच्या दोन्ही व्हॉल्व्हच्या पिना बघा. काळपट, तेलकट डाग दिसला की साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की गळती तिथेच. व्हॉल्व्हची टोपणं हरवलेली असतील तर संशय आधी तिथेच घ्या. पिन बदलायला फार खर्च नाही. बाहेर काहीच सापडलं नाही तर डॅशबोर्डमागची, हवा गार करणारी कूलिंग कॉइल उरते. ब्लोअर पंधरा मिनिटं बंद ठेवून मग व्हेंटपाशी (वारं येतं त्या झरोक्यापाशी) किंवा पाणी गळायच्या नळीपाशी लीक डिटेक्टर धरायचा. गॅस जड असल्याने खाली साठतो.

गळती अगदी बारीक असेल तर सिस्टिम रिकामी करून साधारण १५० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचं माप) नायट्रोजन भरतात आणि काटा उतरतो का बघतात. पंक्चरवाल्याची हवा भरू देऊ नका, तिच्यात पाणी असतं. ऑक्सिजन तर मुळीच नको. दाबाखालचं तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

आता गेजबद्दल, म्हणजे दाब दाखवणाऱ्या दोन काट्यांबद्दल : एक कमी दाबाच्या बाजूचा (लो साइड), दुसरा जास्त दाबाच्या बाजूचा (हाय साइड). इंजिन बंद, गाडी सावलीत गार झालेली, हवा ३० अंश. अशा वेळी आर-१३४ए गॅसच्या गाडीत दोन्ही काटे ९७ पीएसआयच्या आसपास थांबतात. आत २०० ग्रॅम असो की ५००, थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत आकडा तोच. 'प्रेशर बरोबर आहे, म्हणजे गॅस फुल' हे म्हणणं म्हणूनच टिकत नाही. गॅस वजनावर भरायचा असतो आणि ते वजन बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. छोट्या गाड्यांत बहुधा ३५० ते ५०० ग्रॅम. एवढ्याशा सिस्टिममध्ये शंभर ग्रॅमची चूक लगेच जाणवते. वजनकाट्यावर डबा न ठेवता अंदाजाने भरणाऱ्याकडे जाऊ नये, हे आमचं स्पष्ट मत.

गळती काढली की ओ-रिंगा (जोडांतल्या रबरी कड्या) आणि ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) नवे घाला. बऱ्याच गाड्यांत ड्रायर वेगळा नसतो, कंडेन्सरच्या कडेच्या नळीत पिशवी असते. मग ३० ते ४५ मिनिटं व्हॅक्यूम ओढायचा, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओलावा काढायचा, पंप बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं. काटा हलता कामा नये. इथे एक गोष्ट हमखास चुकते. पुस्तकात व्हॅक्यूम (पाऱ्याच्या) २९ इंचांच्या वर लिहिलेला असतो, पण तो समुद्रकाठचा आकडा आहे. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचावर, हवेचा दाबच कमी, त्यामुळे इथे चांगला पंपही काटा २७ इंचांच्या थोडा पुढेच नेतो. अथणी बेळगावपेक्षा खाली, तिथे काटा थोडा जास्त जाईल. पंप बिघडला असं समजून बिचाऱ्याला शिव्या देऊ नयेत.

चालू इंजिनवर गॅस फक्त लो साइडने, डबा उभा धरून. उलटा धरला तर द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरतो आणि व्हॉल्व्ह मोडतात. चालू इंजिनवर हाय साइडचा कॉक उघडला तर दाब डब्यात शिरून डबा फुटू शकतो.

हे सगळं झाल्यावर कॉम्प्रेसरची परीक्षा. बाहेर ३५ अंश, इंजिन १५०० आरपीएमवर असताना लो साइड ३० ते ४० आणि हाय साइड २०० ते २५० पीएसआय, व्हेंटमध्ये दहा अंशांच्या आसपास थर्मामीटर, म्हणजे कॉम्प्रेसर ठणठणीत. वजनाने गॅस पुरा असूनही लो ७० आणि हाय १३० असे काटे जवळजवळ आले, तरच तो थकलाय म्हणायचं. आणि तो फुटलाच असेल, तेलात चकाकणारा चुरा दिसत असेल, तर कंडेन्सरही बदलावा लागेल. आजच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की तो चुरा धुऊन निघत नाही. राहिला तर नवा कॉम्प्रेसर खातो.

प्रश्न : कोल्हापूरकडे हायवेला एसी बर्फासारखा गार. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर गाडी थांबली की गरम वारं. गॅस कमी झालाय का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : गॅस कमी असता तर हायवेलाही एवढा गारवा मिळाला नसता. पळत्या गाडीत वारा कंडेन्सर गार करतो, थांबलेल्या गाडीत ते काम पंख्याचं. एसी लावून बॉनेट उघडा. बहुतेक गाड्यांत पंखा काही क्षणांत फिरायला लागतो. फिरत नसेल तर फ्यूज बघा, शेजारचा त्याच नंबरचा रिले (विजेवर चालणारा स्विच) बदलून लावून बघा. हलकेच ठोकल्यावर सुरू झाला तर मोटरचे ब्रश झिजलेत. फिरतोय पण सुस्त, हाही दोषच आहे. वायरिंग नुकतंच केलं असेल तर पंखा उलटा फिरत नाही ना, तेही बघा. कागदाचा कपटा जाळीकडे ओढला जायला हवा.

सोपी खूण अशी : पंखा चालू असताना कंडेन्सरवर बाटलीभर पाणी शिंपडा. मिनिटाभरात व्हेंट गार झाला तर उष्णता बाहेर पडत नाहीये, हे नक्की.

आपल्याकडे कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी चालवावी लागते. पाचटाचा भुगा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत जाऊन बसतो. समोरून जाळी स्वच्छ दिसते, मागे गोधडी. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, साध्या नळाच्या धारेने धुवा. सर्व्हिसिंगची जोरदार धार जवळून मारली की पातळ पाती आडव्या पडतात, मग हवाच शिरत नाही.

पंखा ठीक, जाळी साफ, तरीही गाडी तापली की कॉम्प्रेसरचा क्लच सुटत असेल तर क्लचची फट मोजा. बहुतेकांत ती ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी. झिजून वाढली असेल तर क्लचच्या तापलेल्या चुंबकी कॉइलला प्लेट ओढवत नाही. आतली पातळ चकती काढून फट कमी करता येते.

प्रश्न : पहिला अर्धा तास मस्त, मग व्हेंटमधून वारंच येईनासं होतं. बंद करून थोड्या वेळाने लावलं की परत चालतो. डाव्या सीटखालची मॅटही ओली असते.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : कूलिंग कॉइलवर बर्फ जमतोय. वारं कमी झालं की एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा. पाच-दहा मिनिटांत वारं वाढलं आणि खाली भरपूर पाणी गळलं तर शंका नको. आधी ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढा. तुमच्या भागातल्या तांबड्या धुळीने तो विटेच्या रंगाचा झाला असेल तर झटकू नका, नवाच घाला. मग कॉइलमधला थर्मिस्टर, म्हणजे तिथलं तापमान मोजणारा सेन्सर. त्याचं टोक पात्यांत रुतलेलं हवं. बाहेर निसटलं की कॉम्प्रेसर वेळेवर बंद होत नाही. गॅस थोडा कमी असला तरीही बर्फ धरतो, हे तिसरं कारण.

ओली मॅट हे वेगळं दुखणं. पाणी जायची रबरी नळी चिखलाने बुजलीय. गाडीखालून हलक्या हवेने फुंकून मोकळी करा. टोकदार तार घालू नका, कॉइलला भोक पडलं तर पन्नास रुपयांच्या कामापायी डॅशबोर्ड खोलावा लागेल.

प्रश्न : पावसाळ्यात एसी लागत नाही. चार महिने बंद ठेवला तर चालेल?
– एक वाचिका, निपाणी

उत्तर : आठवड्यातून एकदा दहा मिनिटं लावा. तेल फिरलं की कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील ओलं राहतं आणि गॅस टिकतो. शिवाय काचेवरची वाफही एसीनेच सगळ्यात लवकर जाते.