वाचकांचे प्रश्न : हेडफोनमध्ये आवाजाची दिशा का हरवते?

प्रश्न : मी अलीकडेच चांगल्या दर्जाचे, बंद कपांचे हेडफोन घेतले. आवाज स्वच्छ आहे, परंतु संगीत ऐकताना सगळी वाद्ये डोक्याच्या आतच वाजत असल्यासारखी वाटतात आणि गेम खेळताना पावलांचा आवाज समोरून येतो आहे की मागून, हे कळत नाही. गेममधील हेडफोनचा पर्याय आणि संगणकावरील '७.१ सराउंड' (भोवतालच्या अनेक स्पीकरांचा भास देणारी सोय) असे दोन्ही चालू करून पाहिले, तर गोंधळ वाढलाच. अधिक महाग हेडफोन घ्यावेत का?

उत्तर : इतक्यात घेऊ नका. आपण वर्णन केलेल्या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुतांशी हेडफोनच्या दर्जात नसून आवाज कानापर्यंत कसा पोहोचतो यात आहे.

डावी-उजवी बाजू आपण दोन कानांतील फरकावरून ओळखतो, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडले. सुमारे १५०० हर्ट्झच्या खालच्या स्वरांसाठी मेंदू वेळेतील फरक पाहतो; आवाज अगदी एका बाजूने आला तरी हा फरक ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांच्या पुढे जात नाही. त्यावरच्या स्वरांसाठी डोक्याच्या आडोशामुळे दूरच्या कानाला आवाज किती क्षीण मिळतो, हे महत्त्वाचे ठरते. मात्र नाकासमोरून आलेला आणि थेट पाठीमागून आलेला आवाज दोन्ही कानांवर एकाच वेळी व सारख्याच जोराने पडतो. तिथे हे दोन्ही फरक निरुपयोगी ठरतात आणि निवाडा कानाच्या बाहेरच्या भागाच्या घड्यांवर येतो, कारण त्या उंच स्वरांतील काही पट्टे दिशेनुसार वाढवतात वा दाबतात. तरीही शंका राहिली तर आपण नकळत मान किंचित वळवतो आणि फरक कसा बदलतो त्यावरून खात्री करून घेतो. हेडफोन घातल्यावर मान वळवली की सगळा आवाजही डोक्याबरोबर वळतो, म्हणून हा शेवटचा आधारही जातो. शिवाय बहुतेक संगीताचे मिश्रण स्पीकर डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते. डाव्या स्पीकरचा आवाज थोड्या उशिराने उजव्या कानालाही ऐकू येतो, हे त्यात गृहीत असते. हेडफोन ती वाटच बंद करतात आणि वाद्ये डोक्यात जमा होतात.

आता उपायांकडे वळू. सर्वप्रथम संगणकावर किंवा फोनवर 'मोनो ऑडिओ' (दोन्ही कानांत एकच आवाज देणारी सोय) चुकून चालू नाही ना, हे पाहावे. हेडफोन ब्लूटूथचे असतील आणि गेममध्ये बोलण्यासाठी त्यांचाच माइक वापरत असाल, तर नेहमीच्या ब्लूटूथ जोडणीत माइक सुरू होताच ऐकू येणारा आवाज मोनो आणि निकृष्ट होतो. अशा वेळी तारेची जोडणी किंवा स्वतंत्र माइक घ्यावा. ही बाब फार जणांच्या लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम आधी सांगितली.

त्यानंतर दिशेची प्रक्रिया एकाच ठिकाणी होऊ द्यावी. आपल्याकडे ती दोनदा होत होती. एकदा कानाच्या घड्यांचे दिशा दाखवणारे ठसे उमटलेल्या आवाजावर पुन्हा तेच ठसे उमटवले की खुणा पुसल्या जातात. गेममध्ये स्वतःचा एचआरटीएफ (डोके आणि कान दिशेनुसार आवाज कसा बदलतात याचा नमुना) किंवा हेडफोनचा पर्याय असल्यास तो चालू ठेवून संगणकाचा आवाज साध्या स्टिरिओवर ठेवावा. गेममध्ये तशी सोय नसेल, तर उलट करावे : गेमला ७.१ आवाज बाहेर पाठवू द्यावा आणि त्याचे हेडफोनसाठी रूपांतर संगणकावर करावे. विंडोजवर इक्वलायझर एपीओ या आवाज बदलणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत चालणारे हेसुवी हे मोफत साधन त्यासाठी चांगले आहे. त्यात वेगवेगळ्या पद्धतींचे नमुने मिळतात आणि प्रत्येकाच्या कानाची घडण वेगळी असल्यामुळे दुसऱ्याला उत्तम वाटलेला नमुना आपल्याला लागू पडेलच असे नाही. डोळे मिटून, समोर-मागे आवाज ओळखता येतो का, यावरच निवड करावी आणि निवडलेल्या नमुन्याला पुरेसा वेळ द्यावा. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कानांत साचे बसवून त्यांचा आकार बदलला, तेव्हा सहभागींना आवाज वरून येतो की खालून, हे ओळखता येईनासे झाले. काही आठवड्यांत मात्र ते नव्या कानांनी ऐकायला शिकले, आणि साचे काढल्यावर जुनी क्षमताही शाबूत होती. रोज नमुना बदलणाऱ्या श्रोत्याला हा लाभ मिळत नाही.

संगीतासाठी क्रॉसफीड वापरून पाहावे. एका बाजूचा थोडा आवाज किंचित उशिराने दुसऱ्या कानात मिसळण्याची ही युक्ती बेंजामिन बाउअर यांनी १९६१ मध्ये मांडली होती. तिने विस्तार वाढत नाही, उलट थोडा आक्रसतो. पण ज्या जुन्या ध्वनिमुद्रणांत एखादे वाद्य पूर्णपणे एकाच कानात आहे, तिथे ऐकणे फार सुसह्य होते. खरी खोली अनुभवायची असेल, तर कृत्रिम डोक्याच्या कानांत माइक बसवून केलेली बायनॉरल मुद्रणे ऐकावीत.

हे सर्व करूनही मोकळेपणा हवा असेल, तर मागून उघडे, मोठ्या कपांचे आणि कानाशी तिरके बसवलेल्या ड्रायव्हरचे (आवाज निर्माण करणाऱ्या भागाचे) हेडफोन पाहावेत. २००९ मधील सेनहायझर कंपनीच्या एचडी ८०० या हेडफोनची ख्याती याच रचनेमुळे आहे. त्यातून बाहेरचा आवाज आत येतो आणि आतला बाहेर जातो, हे लक्षात ठेवावे. समोर-मागेचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. त्यासाठी मान वळताच आवाज जागेवर ठेवणारे हेड-ट्रॅकिंग अधिक उपयोगी पडते.

प्रश्न : कानात घालायच्या इअरफोनमध्ये गायकाचा आवाज मध्यभागी न राहता सतत एका बाजूला सरकतो. इअरफोन बिघडले असावेत का?

उत्तर : इअरफोन उलटे, म्हणजे डावा उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात घालून पाहावेत. आवाज दुसऱ्या बाजूला गेला तर दोष इअरफोनमध्ये, त्याच्या जाळीत साचलेल्या मळात किंवा फोनमधील डाव्या-उजव्या संतुलनात आहे. तो त्याच बाजूला राहिला, तर दोन्ही कानांना वेगवेगळ्या मापाच्या रबरी टोप्या लावून पाहाव्यात, कारण दोन्ही कानांची छिद्रे बहुधा सारखी नसतात. तरीही फरक कायम राहिल्यास कानांची तपासणी करून घ्यावी.