वाचकांचे प्रश्न : बघायचंही आहे आणि फोटोही काढायचेत, दुर्बीण कुठली घेऊ?

प्रश्न (एक वाचक, नाशिक) : ताई नमस्कार. मी आणि माझी आठवीतली मुलगी सध्या बायनॉक्युलरने आकाश बघतो, आता दुर्बीण घ्यायचीय. तिला शनीची कडी आणि गुरूचे चंद्र बघायचेत, मला देवयानी दीर्घिकेचे आणि मृगातल्या तेजोमेघाचे फोटो काढायचेत. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरवाला डीएसएलआर घरात आहे. दुकानदार म्हणतो ८ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) ईक्यू५ माउंटवर (दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या स्टँडवर) घ्या, दोन्ही कामं होतील. एक मित्र म्हणतो डॉब (साध्या लाकडी बैठकीवरची आरशाची दुर्बीण) घे, दुसरा म्हणतो ८० मिमीचा ईडी रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण). खर्च एकदाच करायचाय. गच्चीवरून उत्तरेला शेजारची बिल्डिंग आडवी येते, ध्रुवतारा दिसतच नाही. काय करू?

उत्तर : दादा, सरळच सांगते, दुकानदाराचा सेट घेऊ नका. दोन्ही कामं होतील हे खरंय पण दोन्ही अर्धवट होतील, आणि त्यात तुमच्या मुलीचं जास्त नुकसान आहे.

डोळा प्रकाश साठवू शकत नाही. जे दिसायचं ते त्याच क्षणी दिसतं, म्हणून बघण्यासाठी आरसा जेवढा मोठा तेवढं चांगलं. २०० मिमीचा आरसा ८० मिमीच्या भिंगापेक्षा सव्वासहा पट प्रकाश गोळा करतो आणि हा फरक डोळ्याकडच्या भिंगाला, म्हणजे आयपीसला, डोळा लावला की लगेच कळतो. कॅमेऱ्याचं उलट असतं, तो पाच-पाच मिनिटं प्रकाश साठवत बसतो आणि असे शंभर फोटो एकावर एक रचता येतात, त्यामुळे त्याला लहान भिंगही चालतं, पण तेवढा वेळ तारा त्याच पिक्सेलवर टिकायला हवा. आकाश सेकंदाला १५ विकला (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक विकला) सरकतं. १२०० मिमी फोकल लेंथला (आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर, ८ इंची एफ/६ दुर्बिणीचं एवढं असतं) तुमच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल साधारण पाऊण विकलेपेक्षाही कमी आकाश बघतो, म्हणजे ट्रॅकिंग (आकाशाबरोबर दुर्बीण फिरवत राहणं) नसेल तर एका सेकंदात तारा वीसेक पिक्सेल पुढे गेलेला असतो. म्हणून फोटोवाले लोक माउंटवर पैसे घालतात आणि दुर्बीण नंतर बघतात, आणि बघणारे लोक आरशावर पैसे घालून माउंट साधं लाकडी ठेवतात. दोन छंदांचं बजेटच उलटं आहे हो.

आता दुकानदाराच्या सेटचं बघा. ८ इंची एफ/५ (फोकल लेंथ आरशाच्या पाचपट) न्यूटोनियनची नुसती नळी नऊ किलोच्या आसपास जाते, त्यावर कॅमेरा, गाइड स्कोप आणि गाइड कॅमेरा (ट्रॅकिंग सुधारायला), कोमा करेक्टर (कडेचे तारे नीट यायला). माउंटवर कंपनी जे वजन छापते ते नुसतं बघण्यासाठीचं समजायचं आणि फोटोसाठी त्याच्या निम्मं, फार तर दोन तृतीयांश धरायचं. ईक्यू५ तिथंच संपतो. वर ती जाड नळी वारा धरते आणि गच्चीवर वारा असतोच. बघायला बसलात तरी न्यूटोनियन इक्वेटोरिअल (म्हणजेच ईक्यू, ध्रुवाकडे कललेल्या अक्षाच्या) माउंटवर फिरवली की आयपीस कधी वर कधी खाली कधी पाठीमागे जातो, नळी रिंगमध्ये सैल करून फिरवत बसावं लागतं, आणि आठवीतली मुलगी या खटाटोपाला कंटाळेल अशी मला खरंच भीती वाटते.

तिच्यासाठी डॉब घ्या. जॉन डॉब्सन नावाच्या माणसाने सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवण्यासाठी ही साधी रचना लोकप्रिय केली, खाली फिरणारा लाकडी पाट, वर डुलणारी नळी, बास. ८ इंची एफ/६ डॉब सगळी मिळून पंचवीस किलोच्या आसपास असते पण दोन भागांत उचलता येते. गच्चीपर्यंत जिना चढून न्यायची असेल आणि उचलणारे तुम्ही एकटेच असाल तर ६ इंची घ्या, वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, रोज बाहेर निघणारी दुर्बीणच जास्त दाखवते. शनीची कडी २०२५ मध्ये जवळजवळ कडेवरून दिसत होती, आता २०३२ पर्यंत ती उघडत जाणार, म्हणजे तुमच्या मुलीची अख्खी शाळा-कॉलेजची वर्षं शनी छान दिसायची आहेत. आणि मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेला साधारण साडेबावीस अंशांवर ओमेगा सेंटॉरी बघाच, आपल्या आकाशगंगेतला सगळ्यात मोठा गोलाकार तारकागुच्छ, युरोपातल्या बहुतेकांना तो घरून दिसतच नाही आणि आपल्याला नाशिकमधून दिसतो! पेठ-सुरगाण्याकडच्या अंधाऱ्या आकाशाखाली डॉब घेऊन गेलात तर तो ताऱ्यांच्या कणांत फुटलेला दिसेल.

तुमच्या फोटोंचं काय? देवयानी दीर्घिका आकाशात जवळजवळ ३ अंश पसरलीय, पौर्णिमेचे सहा चंद्र शेजारी ठेवले तेवढी. १२०० मिमीला तुमच्या सेन्सरवर जेमतेम १.१ अंश मावतो, म्हणजे नुसता मधला गोळा येणार. देवयानीला मोठी दुर्बीण नकोच आहे! एक छोटा स्टार ट्रॅकर (कॅमेरा आकाशाबरोबर फिरवणारं यंत्र) घ्या, तुमच्याच ट्रायपॉडवर बसतो, त्यावर डीएसएलआर आणि १३५ किंवा २०० मिमीची लेन्स लावा. २०० मिमीला पावणेसात अंश मावतात, देवयानी आरामात, आणि मृगाची तलवार कंबरपट्ट्यासकट. मिनिटभराचे भरपूर फोटो काढा, सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात त्यात स्टॅक करा, म्हणजे एकावर एक रचा. माझं मत विचाराल तर डॉब अधिक स्टार ट्रॅकर ही जोडी तुमच्या घरासाठी कुठल्याही एका सेटपेक्षा चांगली, आणि पहिल्याच रात्री दोघं एकाच गच्चीवर आपापलं काम करू शकता, ती बघतेय आणि तुमचा कॅमेरा चाललाय.

डॉबवरही फोटो होतात बरं का. चंद्राचा तर मोबाइल आयपीसला धरून होतो. गुरू-शनीचा व्हिडिओ काढून त्यातल्या हजारो फ्रेम्समधून चांगल्या निवडून स्टॅक करतात, त्याला लांब एक्सपोजर लागत नाही. फक्त डीएसएलआर थेट लावायला गेलात तर बऱ्याच डॉबमध्ये फोकसच येत नाही, फोकसर (आयपीस आत-बाहेर करणारा भाग) पुरेसा आत जात नाही, घेण्याआधी हे विचारा.

दोन-तीन वर्षांनी हात बसला, रात्र-रात्र जागायची सवय झाली की मग ८० मिमी ईडी रिफ्रॅक्टर आणि एचईक्यू५च्या (ईक्यू५पेक्षा दणकट) तोडीचं माउंट घ्या, आणि त्या वेळी निम्म्याहून जास्त पैसे माउंटवर घाला. आणि तुम्ही हट्टच धरलात की काही झालं तरी एकच सेट हवा, तर १५० मिमी एफ/५ न्यूटोनियन एचईक्यू५वर. ७५० मिमीला सव्वा अंशाच्या वर बरंच मावतं, ग्रहही बरे दिसतात, वजनही माउंटला झेपतं. खर्च मात्र दुकानदाराच्या सेटपेक्षा वाढेल कारण माउंट महाग आहे.

ध्रुवताऱ्याचं राहिलं. ट्रॅकरचा किंवा माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवबिंदूकडे रोखावा लागतो, त्यासाठी तो लागतो. नाशिकहून तो २० अंशांवरच असतो, आपल्या अख्ख्या महाराष्ट्रात तो असाच खाली, बिल्डिंग नसली तरी धुरकट थरात बुडालेला असतो, त्यामुळे ही अडचण एकट्या तुमची नाही. हल्ली सॉफ्टवेअर माउंट थोडं थोडं फिरवून आकाशाचे तीन फोटो काढतं, त्यावरून ध्रुवबिंदूपासून अक्ष किती हललाय ते सांगतं, आकाशाचा कुठलाही मोकळा तुकडा चालतो. साध्या ट्रॅकरला होकायंत्र आणि मोबाइलच्या लेव्हलवरून उत्तर दिशा आणि २० अंशांचा कोन लावला तर छोट्या लेन्सला अर्ध्या मिनिटाचे फोटो निभावतात. अजून एक गोष्ट जी परदेशी रिव्ह्यूमध्ये फारशी नसते कारण त्यांचे अक्षांश ४०-५० असतात : आपल्याकडे माउंटचा अक्ष जवळजवळ आडवा झोपतो, मग काही माउंटवर काउंटरवेट (तोल सांभाळणारं वजन) फिरताना ट्रायपॉडच्या पायाला धडकतो. मोठं माउंट घ्याल तेव्हा २० अंशांवर चालतं का आणि एक्स्टेन्शन पियर (ट्रायपॉडवर उंची वाढवणारा खांब) मिळतो का हे आधीच विचारून घ्या.

आणि पैसे देण्याआधी मुलीला घेऊन एकदा कुठल्यातरी आकाशदर्शनाला जाऊन या. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणीला कार्यक्रम होतात. चार वेगवेगळ्या दुर्बिणींतून एकच शनी बघितला की तुम्हाला माझ्या उत्तराची गरज उरणार नाही.

प्रश्न (ठाणे) : बाल्कनीतून बघायचं, आकाश नारिंगी. स्मार्ट टेलिस्कोप घ्यावा का? सीस्टार एस५० बघितलाय.

उत्तर : फोटोंसाठी घ्या, बघण्यासाठी नको. त्याला आयपीसच नाही, चित्र मोबाइलवर येतं. ५० मिमीचं भिंग, २५० मिमी फोकल लेंथ, त्यात ग्रह म्हणजे नुसता ठिपका, कडी नीट दिसण्याची आशा ठेवू नका. तेजोमेघ मात्र ठाण्यातूनही चकित करतील कारण आत ड्युअल बँड फिल्टर आहे, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा प्रकाश तेवढा आत घेतो. दीर्घिकांना तो फिल्टर उपयोगी नाही, त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत असतो आणि रस्त्यावरच्या एलईडीचाही तसाच, तो वेगळा काढता येत नाही. बाल्कनी कुठल्या दिशेला आहे तेवढंच आकाश मिळेल, वरचा स्लॅब डोक्यावरचं सगळं झाकतो, म्हणून सोसायटीच्या गच्चीची परवानगी मिळते का ते आधी बघा.

प्रश्न (कोल्हापूर) : जुनी ६ इंची न्यूटोनियन मिळतेय. टॉर्च मारला तर आरशावर धूळ आणि डाग दिसतात. घेऊ का? पावसाळ्यात ठेवू कशी?

उत्तर : टॉर्चखाली कुठलाही आरसा भयंकर दिसतो, त्यावर जाऊ नका. धुळीने फरक पडत नाही. लेप उडून आरपार दिसत असेल, कडेने पापुद्रे सुटले असतील, तर पुन्हा ॲल्युमिनियमचा लेप द्यावा लागेल, तो खर्च किमतीतून कमी करून मागा. रात्री एखाद्या ताऱ्यावर फोकस करून बघितल्याशिवाय घेऊ नका, फोकसच्या आत-बाहेर गोल चकती सारखी दिसली पाहिजे, आणि आधी कॉलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) करून घ्या नाहीतर चांगला आरसाही वाईट ठरेल. धुवायचाच असेल तर डिस्टिल्ड वॉटर, थेंबभर सौम्य साबण, कापडाने घासायचं नाही, उभा ठेवून निथळू द्यायचा. कोल्हापूरचा पाऊस बघता आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, जेल ओलं झालं की तापवून पुन्हा वापरा. भिंगावर बुरशी धरली तर कोटिंगच खाते, मग पुसून जात नाही. नळी दमट असताना प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, सुती कापड टाका आणि पावसाने उघडीप दिली की झाकण काढून तासभर घरातच हवेशीर जागी ठेवा, उन्हात नको.